आर्डिथ केसलचा कायमचा पत्ता

आर्डिथ केसल नर्स होती, पण एका जागची नव्हे. ज्या हॉस्पिटलात माणसं कमी पडतात तिथं तेरा आठवड्यांच्या करारावर जायचं, काम संपलं की गाडी भरायची आणि पुढचं गाव गाठायचं, असं तिचं नऊ वर्षं चाललं होतं. वय सत्तेचाळीस, अंगानं उंच, आणि चालणं असं की बरोबरच्याला धावावं लागे. लग्न झालं होतं, मोडलं होतं, पण या भटकण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. लोकांना मात्र तो हवा असायचा. "कशापासून पळतेस गं?" असं प्रत्येक गावात कुणी ना कुणी विचारायचंच. ती म्हणायची, "पळत नाही, चालते. तुम्हीच हळू आहात."

खरं कारण तिलाही ठाऊक नव्हतं. पायाला भिंगरी होती एवढंच. नव्या गावात पहिले पाच आठवडे बरे जायचे. सहाव्या आठवड्यात खिडकीतून तेच दुकान, तोच सिग्नल दिसायला लागला की तिच्या पोटऱ्यांत कसंतरी व्हायचं. मग ती उभ्यानं जेवायची आणि जेवता जेवता फोनवर पुढच्या जागा बघायची.

फिरणं सोपं होतं, परवाने सांभाळणं सोपं नव्हतं. ज्या राज्यात पेशंटला हात लावायचा तिथला परवाना लागतो. चाळीसेक राज्यांनी आपसात करार केला होता, की एका राज्याचा परवाना बाकीच्यांनी मानायचा. अट एकच होती. परवाना देणारं राज्य तुम्ही खरोखर राहता ते असलं पाहिजे. आर्डिथचा परवाना नेब्रास्काचा होता. करारात नसलेल्या राज्यांचे चार परवाने वेगळे. एकाची मुदत तिच्या वाढदिवसाला संपायची, दुसऱ्याची दर दोन वर्षांनी जूनमध्ये. एका राज्याला प्रशिक्षणाचे तीस तास हवे, दुसऱ्याला वेदनेच्या उपचारांवरचा वेगळा अभ्यासक्रम हवा. हे सगळं एका निळ्या फाइलीत, रंगीत खुणा लावून. दर नव्या अर्जाला बोटांचे ठसे लागायचे आणि दर वेळी ते परत यायचे, कारण तेवीस वर्षं साबणानं धुऊन धुऊन तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. एका शेरिफच्या कचेरीतला माणूस तिची बोटं तिसऱ्यांदा काचेवर दाबत म्हणाला होता, "बाई, तुम्ही बँक लुटलीत तर आम्ही काही तुम्हाला पकडू शकत नाही."

"सुट्टी मिळाली की बघते," आर्डिथ म्हणाली होती.

तर हे घडलं सप्टेंबरात, न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावी. तिथल्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात तिचा नववा आठवडा चालू होता. म्हणजे पोटऱ्यांत वळवळ सुरू झाली होती, पण या खेपेला एका पेशंटनं तिला धरून ठेवलं होतं. एलॉय त्रुहियो नाव, वय एकाहत्तर, निमोनियानं आलेला, अकरा दिवस श्वासाच्या यंत्रावर. त्याची बायको ओफेलिया रोज सकाळी सातला हजर व्हायची, हातात जपमाळ आणि पिशवीत भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचा डबा. डबा स्टाफसाठी. आर्डिथला ती "उंच पोरी" म्हणायची.

त्या दिवशी एलॉयच्या घशातली श्वासाची नळी काढायची होती. आदल्या संध्याकाळीच ओफेलियानं विचारलं होतं, "उंच पोरी, उद्या तू आहेस ना?"

"आहे. नळी निघेल तेव्हा त्यांचा हात मीच धरणार आहे."

सकाळी दहाला डॉक्टर येणार होते. पावणेदहाला वॉर्डाची प्रमुख नर्स चेलो बाका दारात येऊन उभी राहिली. चेलो एरवी दारातूनच ओरडून काम सांगायची. आज ती हळू बोलली.

"आर्डिथ, जरा बाहेर ये."

"दहा मिनिटांनी येते. यांचं झोपेचं औषध आत्ताच कमी केलंय."

"आत्ता ये. आणि स्टेथोस्कोप काढ."

बाहेरच्या टेबलावर संगणकाचा पडदा उघडा होता. दर सोमवारी सगळ्या बाहेरगावच्या नर्सेसचे परवाने तपासायचे असा तिथला नियम. आर्डिथच्या नावापुढे गेल्या सोमवारपर्यंत 'सर्व करार-राज्यांत वैध' असं असायचं. आज होतं, 'फक्त नेब्रास्का'.

"काहीतरी चूक असेल," आर्डिथ म्हणाली.

"असेल. पण ती सुधारेपर्यंत तू इथं नर्स नाहीस, बाई. मी तुला पेशंटच्या उशीलासुद्धा हात लावू देऊ शकत नाही. मला हे सांगताना बरं वाटतंय का?"

"त्यांची नळी..."

"मी काढवून घेते. मी स्वतः थांबते."

आर्डिथनं दोन्ही पेशंटांची माहिती चेलोला दिली. एरवी वीस मिनिटांचं काम तिनं सहा मिनिटांत उरकलं, एक आकडा चुकला नाही. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. जायचं कुठं हे कळेना, म्हणून ती तशीच उभी राहिली. ओफेलिया खोलीतून बघत होती.

"काय झालं? तुला काढलं?"

"कागदांचं काहीतरी आहे. माझ्या."

"तू इथली नाहीस म्हणून?" ओफेलियानं असं विचारलं की जणू हा प्रश्न तिच्या घरात पूर्वी कधीतरी येऊन गेला होता.

"तसंच काहीसं."

ओफेलियानं जपमाळ गुंडाळून मुठीत घेतली आणि चेलोकडे वळली. "ही माझी पाहुणी आहे. पाहुण्यांना आत यायला बंदी आहे का?"

चेलोनं वर छताकडे बघितलं. "दोन जणांना परवानगी आहे. पण हात खिशात ठेवायचे, आर्डिथ. मी बघतेय."

मग आर्डिथ भिंतीला टेकून, हात खिशात घालून उभी राहिली. नळी निघाली. एलॉय खोकला, परत खोकला, चेहरा जांभळा झाला. आर्डिथच्या पायांनी दोन पावलं पुढं टाकली, तेव्हा चेलो मागं न बघता म्हणाली, "खिशात." आर्डिथ थांबली. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली गेला, थांबला, मग चढायला लागला. तेवीस वर्षांत असे कितीतरी आकडे तिनं चढताना बघितले होते, पण नुसतं बघत कधी उभी राहिली नव्हती. हे किती लांबतं ते तिला पहिल्यांदाच कळलं. एलॉयनं डोळे उघडून बायकोकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाले?" आर्डिथनं विचारलं.

"मिरच्या जळतायत म्हणाला," ओफेलिया म्हणाली आणि रडायला लागली.

पार्किंगमध्ये येऊन आर्डिथनं पहिला फोन नेब्रास्काच्या राजधानीत, लिंकनला, नर्सिंग बोर्डाला लावला. तिथल्या बाईनं शांतपणे सगळं समजावलं. ठरावीक परवानाधारकांच्या राहण्याच्या पत्त्याची पडताळणी चालू होती. ऑगस्टमध्ये पत्र पाठवलं, मग स्मरणपत्र पाठवलं, उत्तर नाही. म्हणून नियमाप्रमाणे परवाना फक्त राज्यापुरता केला. शपथपत्र पाठवा, वाहन परवान्याची प्रत जोडा, पुन्हा सुरू होईल.

दुसरा फोन भावाला, वेंडेलला. तिचा कायमचा पत्ता म्हणजे वेंडेलचं घर, नेब्रास्काच्या मधोमध, ब्रोकन बो गावाबाहेर.

"सरकारी शिक्का असलेली दोन पाकिटं?" वेंडेल म्हणाला. "आहेत की. बियाण्यांच्या कॅटलॉगखाली."

"उघडली का नाहीस?"

"तुझ्या नावाची होती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या नावाची निळी, पांढरी, पिवळी पाकिटं दर आठवड्याला येतात, आर्डिथ. प्रत्येकासाठी फोन करायचा तर मी दुसरं काय करू? आणि फोन केला की तू गाडीत असतेस. 'हं, हं, बरं' म्हणतेस. घर विकल्याचं सांगितलं तेव्हाही 'हं, बरं' म्हणालीस."

आर्डिथच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "घर विकलंस?"

"बघ," वेंडेल म्हणाला. "तीस तारखेला ताबा द्यायचाय."

ती त्याच दुपारी निघाली. टेक्सासचं टोक, ओक्लाहोमाची चिंचोळी पट्टी, कॅन्ससमध्ये एका मोटेलात मुक्काम. दुसऱ्या दिवशी अकराला ब्रोकन बो. वाटेत तिनं रेडिओ लावला नाही. चाळीस राज्यं तिच्या पायाखाली होती ती एका कॅटलॉगखाली दबली, हे तिला हसण्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

वेंडेल तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कच्च्या रस्त्यांवर सपाटीकरणाचं ग्रेडर यंत्र चालवण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती आणि काउंटीबाहेर त्यानं सलग चार दिवस कधी काढले नव्हते. आता हृदयात स्प्रिंग बसवली होती, म्हणून डॉक्टरांच्या जवळ, तासाभरावरच्या कर्नी शहरात त्यानं फ्लॅट घेतला होता. स्वयंपाकघरात खोकी रचलेली. त्यानं तिच्यापुढं कॉफी ठेवली आणि दोन्ही पाकिटं ठेवली.

शपथपत्र साधंच होतं. 'मी वरील पत्त्यावर राहते व पुढेही तिथेच राहण्याचा माझा इरादा आहे.' खाली सही, नोटरीसमोर. सोबत, घर दुसऱ्याच्या नावाचं असेल तर घरमालकाची एक ओळ किंवा भाड्याच्या पावत्या.

"सही कर," आर्डिथ म्हणाली. "तीस तारखेपर्यंत घर तुझंच आहे."

वेंडेलनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "काय लिहायचं?"

"की मी इथं राहते."

"तू राहत नाहीस."

"वेंडेल."

"तीन वर्षांत एकोणीस रात्री झोपलीस तू या घरात. कॅलेंडरवर खूण करायचो मी."

"मोजत होतास?"

"दुसरं कुणी येत नव्हतं. तेवढंच मोजायला होतं." तो चिडलेला नव्हता, हवामान सांगावं तसं सांगत होता. "तुझं सामान इथं राहतं, हे लिहून देतो. सामान खरंच राहतं."

आर्डिथ उठून उभी राहिली. "माझा वाहन परवाना या पत्त्याचा आहे. मतदान इथं आहे. कर मी या राज्यात भरते. मी कुणाला फसवत नाहीये!"

"मग सही नोटरीपुढं कर. माझी कशाला हवी? खोलीचं भाडं पाठवत होतीस त्याच्या पावत्या दे जोडून." त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. "मी अडवत नाही तुला. मी फक्त लिहिणार नाही."

पावत्या होत्याच. त्या घेऊन ती गावात गेली. चौकातल्या विम्याच्या कचेरीत जुनिता पोकोर्नी नोटरीचं काम करायची. साठी उलटलेली, केस निळसर पांढरे, आर्डिथला शाळेपासून ओळखणारी. गाडीतून उतरण्याआधी ब्रॅडनचा फोन आला. ब्रॅडन म्हणजे एजन्सीचा माणूस, तिला कामं शोधून देणारा. त्याला ती कधी भेटली नव्हती.

"आर्डिथ, सही झाली का? क्लोव्हिसवाले जागा दहा दिवस धरून ठेवतायत. तिथली ती चेलो तुझ्यासाठी भांडतेय."

"घर विकलंय ब्रॅडन. तीस तारखेला."

"आज कोणती तारीख?"

"सतरा."

"मग आज ते विकलेलं नाहीये! अगं, सगळेच करतात. माझ्या एका नर्सचा पत्ता तर गोदामाचा आहे."

"ती तिथं झोपते?"

"झोप कुणाला मिळते आजकाल? सही कर आणि फोटो पाठव."

जुनितानं तिला खुर्ची दिली, शिक्का काढला, नोंदवही उघडली. आर्डिथनं कागद पुढं ठेवला आणि पेन घेतलं. नोटरीला मजकुराशी देणंघेणं नसतं, समोर सही झाली एवढंच बघायचं असतं. जुनितानं मजकूर वाचलासुद्धा नाही. तिनं फक्त गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, "मग, सध्या कुठं राहतेस, आर्डिथ?"

आर्डिथनं तोंड उघडलं.

तेवीस वर्षांत तिनं न मोजलेली नाडी कधी लिहिली नव्हती. धावपळ असली, बाकीच्यांनी अंदाजानं सोळा श्वास लिहून टाकले, तरी ती मिनिटभर घड्याळ धरून उभी राहायची. तरुण नर्सेस हसायच्या. पण तिच्या तक्त्यावर विसंबून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवायचे आणि त्यांनी कधी परत मोजून बघितलं नव्हतं. तिचं नाव खाली असलं की ते खरं असायचं. आता तिच्या हातातलं पेन 'इरादा आहे' या शब्दांवर अडलं होतं. ते तिनं मोजलेलं नव्हतं.

"क्लोव्हिसला एक मोटेल आहे," ती शेवटी म्हणाली. "त्याआधी युजीन गावात एका म्हाताऱ्याच्या गॅरेजवरच्या खोलीत. त्याआधी... मला आठवत नाहीये, जुनिता."

"बाई गं," जुनिता म्हणाली. "पाणी देऊ?"

आर्डिथनं पेन खाली ठेवलं. पाणी प्यायली. रस्त्यापलीकडच्या रुळांवरून कोळशाची मालगाडी जात होती, तिचे डबे संपतच नव्हते.

"तुझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या अजून रिकाम्याच आहेत का?" आर्डिथनं विचारलं.

"रिकाम्या आहेत. नळ गळतो. आणि खाली माझा टीव्ही मोठ्यानं असतो, मला कमी ऐकू येतं."

"मी वर्षाचा करार करते."

"तू?" जुनिता हसली, मग तिचा चेहरा बघून हसायची थांबली. "खरंच म्हणतेस?"

"परवाना नेब्रास्कात चालतोय. इथं काम करायला मला कुणी अडवलेलं नाही."

बाहेर येऊन तिनं चेलोला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. चेलोनं एक सणसणीत शिवी हासडली, मग म्हणाली, "त्रुहियो खुर्चीत बसून जेवला आज. बायको विचारत होती, तुझे कागद झाले का. काय सांगू?"

"सांग, करतेय."

गावातल्या पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलनं तिला दोन दिवसांत कामावर घेतलं. त्यांच्याकडे सहा महिन्यांपासून माणूस नव्हतं. तिथं अतिदक्षता विभाग नव्हता. घसरून पडलेले म्हातारे, मक्याच्या कापणीत बोट गेलेले शेतकरी, पोटात दुखणारी मुलं. अर्धे पेशंट तिला ओळखायचे. "तू केसलांची धाकटी ना? झाडावरून पडून माझ्या बाबांचं कुंपण मोडलं होतंस," असं सुई टोचून घेताना तिला ऐकवायचे. ती शांतपणे शीर शोधायची.

पण बरं वाटत नव्हतं. खोटं कशाला बोला. ऑक्टोबर सरता सरता सहावा आठवडा आला आणि पोटऱ्या बोलायला लागल्या. ती कामावरून आली की रुळांच्या कडेच्या रस्त्यानं दोन-दोन तास चालायची. खोलीत खोकी तशीच बांधलेली. खालून जुनिताचा टीव्ही. निळ्या फाइलीत नवा भाडेकरार, नवा वाहन परवाना, मतदार नोंदणीची पावती, सगळं लागलं होतं आणि लिंकनला रवाना झालं होतं. या खेपेला शपथपत्रावर सही करताना तिचा हात अडला नाही, पण मनाला स्वस्थताही आली नाही. फोनवर दिवसातून तीनदा ती बोर्डाचं पान उघडून बघायची. 'फक्त नेब्रास्का.' 'फक्त नेब्रास्का.' एका राज्याएवढ्या खोलीत कोंडून घातल्यासारखं तिला व्हायचं, आणि नेब्रास्का ही काही लहान जागा नव्हे.

तेवढ्यात वेंडेल यायला लागला. आधी रविवारी आला, मग बुधवारीही. कर्नीहून तासभर गाडी चालवून यायचा, तिच्या खिडकीशी बसायचा, कॉफी प्यायचा आणि परत जायचा. तिसऱ्या आठवड्यात आर्डिथनं विचारलंच.

"डॉक्टरांनी इतकं गाडी चालवू दिलंय?"

"डॉक्टरांना काय कळतं."

"काय बिनसलंय, वेंडेल?"

त्यानं कप खाली ठेवला. "लिफ्टचा आवाज येतो भिंतीतून. शेजारी कोण राहतं ठाऊक नाही. किराणा कुठं मिळतो ते सापडायला मला दोन दिवस लागले. पहाटे पाचला उठतो आणि..." त्यानं हात पसरला. "उठून काय करायचं हेच कळत नाही. मी त्या इमारतीत राहतोय असं मला वाटतच नाही. तिथं फक्त माझं सामान आहे."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो लालबुंद झाला. आर्डिथ हसली नाही. हसू आलं होतं, पण तिनं गिळलं.

"उद्या मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "मी येते."

दुसऱ्या दिवशी ती कर्नीला गेली. हे काम तिला येत होतं. जगात दुसऱ्या कुणाला येत नसेल इतकं येत होतं. "ऐक," ती पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. "नव्या गावात पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी शोधायच्या. एक जेवायचं ठिकाण, एक न्हावी, आणि एक चालायची वाट. चौथं काही शोधायचं नाही. चौथं शोधायला गेलास की घरची आठवण येते."

"आणि माणसं?"

"माणसं न्हाव्याकडे असतात."

ती पुढं, तो मागं धापा टाकत. त्यांनी कॅनॉलच्या कडेची एक वाट शोधली. एक न्हावी शोधला, तो निघाला ग्रेडर चालवणाऱ्याचा मुलगा. मग वेंडेल त्या खुर्चीत दीड तास बसला, केस कापून झाल्यावरही. एका लहान हॉटेलात कोबी-खिमा भरलेले गरम पाव मिळाले. वेंडेलनं दोन खाल्ले.

"हे सगळं तू दर तेरा आठवड्यांनी करतेस?" त्यानं विचारलं.

"हो."

"दमत नाहीस?"

"दमते. पण दमल्यावरच मला झोप येते."

वेंडेलनं हात पुसले. मग म्हणाला, "मला वाटायचं तू आम्हाला कंटाळून जातेस."

"नाही रे," आर्डिथ म्हणाली. "कुणालाच कंटाळून नाही. मला नुसतं बसता येत नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे आधी सांगायचंस की."

"तू विचारलं नाहीस. मोजत बसलास."

नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेला बोर्डाच्या पानावरची ओळ बदलून पुन्हा 'सर्व करार-राज्यांत वैध' अशी झाली. आर्डिथ त्या वेळी एका आजोबांचा रक्तदाब बघत होती. तिनं आधी आकडा लिहिला, मग फोन पुन्हा बघितला. दोन तासांत ब्रॅडनचा फोन. मोंटानात बिलिंग्जला अतिदक्षता विभागात जागा होती, लगेच. ती नको म्हणाली. हॉस्पिटलला तिनं वर्षअखेरपर्यंत शब्द दिला होता. ब्रॅडन म्हणाला, "तुला ताप वगैरे आहे का?" डिसेंबरात त्यानं पुन्हा फोन केला, बिलिंग्जलाच जानेवारीतल्या जागेसाठी, आणि या खेपेला ती हो म्हणाली. तिनं हे सांगितलं तेव्हा खालच्या खोलीत जुनितानं टीव्ही बंद केला.

"चाललीस ना? मला वाटलंच होतं. उगाच कशाला करार केलास वर्षाचा?"

"परत येणार आहे. खोल्या माझ्याच आहेत."

"सगळे असंच म्हणतात."

"जुनिता, तुझ्याकडे याआधी कुणी भाडेकरू होता का?"

"नव्हता," जुनिता म्हणाली. "पण म्हणाला असता."

निघायच्या सकाळी थंडीनं गाडीच्या काचेवर बर्फ धरला होता. वेंडेल कर्नीहून आला, डोक्याचे केस नुकतेच कापलेले, आणि तिची काच खरवडायला लागला. आर्डिथनं त्याच्या हातातून खरवडणी काढून घेतली, तर तो दुसऱ्या बाजूनं कोपरानं पुसायला लागला. गाडी भरायला तिला चाळीस मिनिटं लागायची, आज अर्ध्या तासात झाली, कारण चार खोकी तिनं वरच ठेवली होती. ती उघडून त्यातली भांडी मांडावी असं तिच्या दोनदा मनात आलं होतं आणि दोन्ही वेळा ती चालायला निघून गेली होती.

"कधी येणार?" वेंडेलनं विचारलं.

हा प्रश्न त्यानं नऊ वर्षांत विचारला नव्हता. आर्डिथला उत्तर शोधावं लागलं.

"अकरा एप्रिल. शुक्रवार."

त्यानं कोटाच्या खिशातून छोटी डायरी काढली, पेन्सिल जिभेला लावली, तारीख लिहिली. "आणि नाही आलीस तर?"

"तर मला फोन कर."

"उचलशील?"

"गाडीत असले तर थांबवेन."

"बघू," वेंडेल म्हणाला आणि गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, ग्रेडर निघताना मारायचा तशी.

ती पश्चिमेच्या वाटेला लागली. तासाभरानं पाय हलके झाले, पोटऱ्यांतली ओढ गेली, आणि तिला नेहमीसारखं बरं वाटलं. मग तिला त्या बरं वाटण्याचीच थोडी लाज वाटली, आणि ती लाजही पुढच्या वीस मैलांत निघून गेली. दुपारी तिनं वायोमिंगची हद्द ओलांडली. बर्फाचा वारा रस्ता आडवा कापत होता. एका पेट्रोल पंपावर ती थांबली, कॉफी घेतली आणि उभ्यानंच पिता पिता तिनं जुनिताला फोन करून सांगितलं की नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलाव, वरची किल्ली दे, आणि तो आला की काय म्हणतो ते मला कळव.